दाखल्यात जुना बुधला कोणी फेकलेला नाही

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र मिळाले. त्यातला बराच भाग घरातला असल्यामुळे तो इथे देत नाही. उत्तर समजण्यापुरता आशय मात्र इतर वाचकांसाठी सांगतो. तुमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुणांच्या एका गटाने वेगळे होऊन नवी मंडळी सुरू करण्याचे ठरवले आहे. त्यांना उपासनेचा क्रम मोकळा हवा आहे, गीते त्यांच्या पिढीची हवी आहेत आणि ज्यांना मंडळीत आजवर कोणी जवळ केले नाही अशा माणसांना बोलवायचे आहे. त्यांनी वाटलेल्या पत्रकावर एकच वचन छापलेले आहे : नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यांत, म्हणजे कातड्याच्या पिशव्यांत, घालत नाहीत. तुमचे बाबा याच मंडळीत अनेक वर्षे वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ सभासद, म्हणून सेवा करत आहेत. ते पत्रक पाहिल्यावर त्यांनी लूककृत शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चार चरित्रांपैकी एक, उघडून त्याच दाखल्याची, म्हणजे येशूने सांगितलेल्या दृष्टान्ताची, शेवटची ओळ तुम्हाला वाचून दाखवली : जुना द्राक्षारस प्यालेल्याला नवा नको असतो, कारण तो म्हणतो, जुना तोच चांगला. तेव्हापासून घरात या विषयावर बोलणे बंद आहे. एकाच दाखल्यातून दोन उलट आज्ञा कशा निघतात, त्याचा खरा अर्थ काय, आणि तुम्ही तरुणांबरोबर जावे की बाबांबरोबर राहावे, असे तुम्ही विचारले आहे.

जाण्या-राहण्याचे उत्तर दाखल्याच्या अर्थावर अवलंबून आहे, म्हणून त्याकडे नंतर येतो. आरंभी एवढेच सांगतो की या दाखल्यात जुने बुधले फेकून द्या असे येशूने कोठेही म्हटलेले नाही, आणि नव्या द्राक्षारसाची वाट अडवा असेही म्हटलेले नाही. दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचे वाक्य उचलले आहे आणि ज्या प्रश्नाला हे उत्तर दिले गेले तो प्रश्न मागेच राहून गेला आहे. दाखल्याचा अर्थ बहुतेक वेळा अशाच रीतीने हरवतो. उत्तर पाठ असते आणि प्रश्न कोणालाच आठवत नाही.

हा दाखला मत्तयाच्या नवव्या, मार्काच्या दुसऱ्या आणि लूकच्या पाचव्या अध्यायात येतो, आणि तिन्ही ठिकाणी त्याची पार्श्वभूमी एकच आहे. जकात घेणाऱ्या एका माणसाला येशूने आपल्यामागे बोलावले आहे. मार्क आणि लूक त्याला लेवी म्हणतात, पहिल्या शुभवर्तमानात त्याचे नाव मत्तय आहे. त्यानंतर जेवण झाले आहे आणि त्या पंक्तीला जकातदार व समाजाने पापी ठरवलेली माणसे बसली आहेत. तेवढ्यात विचारणा होते की बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिष्य उपास करतात, परूशीही, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाचे लोकही, करतात, मग तुमचे शिष्य का करत नाहीत. मत्तयाच्या वृत्तान्तात तर हा प्रश्न योहानाचे शिष्यच विचारतात, म्हणजे विचारणारे वैरी नाहीत. ते आपल्याच वाटेवरचे, मनापासून गोंधळलेले लोक आहेत. मोशेच्या नियमशास्त्राने सर्वांसाठी वर्षातून प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास ठरवून दिला होता. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी मी आठवड्यातून दोनदा उपास करतो असे देवाला सांगतो. तेव्हा वाद आज्ञेचा नव्हता. आज्ञेभोवती भक्तीतून वाढलेल्या रिवाजाचा होता. तुमच्या मंडळीतला वादही त्याच जातीचा आहे, हे लक्षात ठेवून पुढे वाचावे.

येशूचे पहिले उत्तर लग्नाचे आहे. वर बरोबर असताना त्याचे सोबती शोक करत नाहीत, पण वर त्यांच्यापासून काढून घेतला जाईल असे दिवस येतील आणि तेव्हा ते उपास करतील. या उत्तराचा दुसरा अर्धा भाग वाचणारे फार थोडे असतात. उपास वाईट, असे त्याने म्हटलेले नाही; आपल्या शिष्यांनाही पुढे तो करावा लागेल असेच त्याने सांगितले. कोणत्या वेळेला काय शोभते, एवढ्यावर त्याने बोट ठेवले. पुढच्या ठिगळाच्या आणि बुधल्याच्या दोन्ही दाखल्यांचे कूळ या वाक्यात आहे.

ठिगळाचा दाखला असा : कोऱ्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्राला कोणी लावत नाही, कारण कोरे कापड आटते, शिवण ओढली जाते आणि फाटलेले अधिक फाटते. लूकने हेच किंचित वेगळे सांगितले आहे. त्याच्याकडे ठिगळ नव्या वस्त्रातून फाडून काढले जाते, म्हणजे नवे वस्त्र वाया जाते आणि ते ठिगळ जुन्याला शोभतही नाही. लूकच्या या मांडणीकडे तुम्ही विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते, कारण मंडळ्यांमध्ये तडजोड म्हणून जे केले जाते ते बहुधा हेच असते. जुन्या क्रमाच्या मध्यभागी एक नवे गीत कोंबले जाते. तरुणांना ती भीक वाटते, ज्येष्ठांना तो अडथळा वाटतो, आणि दोघेही उपासनेतून उठताना थोडे अधिक दुखावलेले असतात.

आता बुधला. तो त्या काळी कसा असे हे डोळ्यांसमोर आणल्याशिवाय दाखला कळत नाही. बकरीचे कातडे शक्य तितके अखंड काढत, कमावत, पायांची टोके बांधून किंवा शिवून बंद करत आणि मानेचा भाग तोंड म्हणून ठेवत. उन्हाळ्याच्या अखेरीस द्राक्षे पिकली की ती खडकात कोरलेल्या कुंडात पायांनी तुडवली जात. अशी कुंडे त्या प्रदेशात आजही मोठ्या संख्येने सापडतात. तुडवलेला रस लगेच आंबू लागतो आणि आंबताना त्यातून वायू सुटतो. तोंड बांधलेल्या बुधल्यात या वायूचा दाब वाढत जातो. नवे कातडे मऊ असते, ते फुगते, ताणले जाते आणि दाब पोटात घेते. जुने कातडे एकदा असे ताणले जाऊन चुकलेले असते, वाळलेले असते, त्याच्यात पुन्हा ताणण्याची ताकद उरलेली नसते. त्यात आंबता रस भरला तर शिवणीजवळ किंवा एखाद्या झिजलेल्या जागी ते फाटते आणि सबंध हंगामाची मेहनत मातीत जाते. पण त्याच जुन्या बुधल्यात पाणी राहते, आणि आंबण्याचे थांबलेला जुना द्राक्षारसही सुखाने राहतो. तो निकामी झालेला नाही. तो एका विशिष्ट कामाला चालत नाही, इतकेच.

येशूचे श्रोते बुधला ओळखत होते आणि त्यांच्या शास्त्रातही तो जागोजागी होता. यहोशवाच्या नवव्या अध्यायात गिबोनी लोक आपण फार लांबून आलो आहोत हे पटवण्यासाठी जुने, फाटलेले, शिवलेले बुधले गाढवांवर लादून येतात. 119व्या स्तोत्राचा कवी दुःखाने सुकलेल्या स्वतःला धुरात टांगलेल्या बुधल्यासारखा म्हणतो आणि तरी मी तुझे नियम विसरलो नाही असे पुढे जोडतो. ईयोबाच्या ग्रंथात तरुण एलिहू थोरांचे बोलणे संपेपर्यंत थांबलेला असतो आणि मग म्हणतो की माझे पोट तोंड बंद केलेल्या द्राक्षारसासारखे झाले आहे, नव्या बुधल्यांसारखे ते फुटायला आले आहे. तुमच्या पत्रातल्या तरुणांची स्थिती मला या एलिहूसारखी वाटते, आणि त्याने नव्या बुधल्यांचे नाव घेतले आहे हेही ध्यानात घ्यावे, कारण दाब प्रमाणाबाहेर गेला की नवे कातडेसुद्धा तग धरत नाही.

मत्तयाने या दाखल्याच्या शेवटी एक छोटे वाक्य जोडले आहे, ज्याचा आशय असा की नवा रस नव्या बुधल्यात घालतात आणि दोन्ही टिकतात. माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्राचे उत्तर या शब्दांत आहे. दाखल्यातल्या माणसाला रसाची काळजी आहे आणि बुधल्याचीही आहे. जुना बुधला फाटणे हे त्याच्या लेखी नुकसान आहे. ते त्याने जिंकलेल्यासारखे सांगितलेले नाही. तुमच्या तरुण मित्रांचे पत्रक मात्र जुना बुधला फाटणारच, तेव्हा त्याची फिकीर कशाला, अशा सुरात लिहिलेले आहे. हा सूर दाखल्यात नाही. त्याच शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू अशा शास्त्र्याची तारीफ करतो जो घरधन्याप्रमाणे आपल्या भांडारातून नव्या आणि जुन्या वस्तू बाहेर काढतो, आणि पाचव्या अध्यायात मी नियमशास्त्र रद्द करायला आलो नाही असे स्पष्ट सांगतो. एका वचनावर मंडळी उभारताना या वचनांकडे पाठ फिरवता येणार नाही.

बाबांनी वाचलेल्या ओळीचे काय? ती फक्त लूकमध्ये आहे आणि काही प्राचीन हस्तलिखितांत ती आढळत नाही. अभ्यासकांनी तिचे अनेक अर्थ लावले आहेत. कोणी ती परूश्यांवरची टीका मानतात, कोणी जुन्याची बाजू घेणारी म्हण मानतात. 1945मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ मिळालेल्या ग्रंथांत येशूच्या वचनांचा एक संग्रह आहे, जो थोमाच्या नावाने ओळखला जातो. त्यात हे वाक्य बुधल्याच्या आधी येते, आणि त्याचा आशय असा आहे की जुना द्राक्षारस पिऊन कोणाला लगेच नवा प्यावासा वाटत नाही. तेथे पुढे असेही म्हटले आहे की जुना द्राक्षारस नव्या बुधल्यात घालत नाहीत, नाही तर तो बिघडतो. मला लूकची ओळ आज्ञा वाटत नाही, दोषारोपही वाटत नाही. एका चवीत आयुष्य घालवलेल्या माणसाला दुसरी चव एका दिवसात रुचत नाही, हे त्यात मोठ्या समजुतीने सांगितले आहे. म्हणजे बाबांनी ती ओळ आपल्या बाजूचा निकाल म्हणून वाचली असली, तरी प्रत्यक्षात त्या ओळीत त्यांचे स्वतःचेच वर्णन आहे, आणि ते वर्णन करणाऱ्याने त्यांना हिणवलेले नाही. तरुणांना हे कळले तर त्यांचा सूर बदलेल. बाबांना कळले तर तेही मोकळे होतील.

या दाखल्याचा इतिहासही थोडा सांगतो, कारण तुमच्या घरात जे चालले आहे ते प्रथमच घडत आहे असे नाही. दुसऱ्या शतकात मार्कियन नावाचा काळ्या समुद्राकाठचा श्रीमंत जहाजमालक रोमच्या मंडळीत आला. चौथ्या शतकातला लेखक एपिफानियस सांगतो की मार्कियनने तिथल्या वडिलांना याच दाखल्याचा अर्थ विचारला. त्याचा स्वतःचा निष्कर्ष असा होता की ख्रिस्ताने प्रकट केलेला देव आणि जुन्या कराराचा देव हे वेगळे आहेत, तेव्हा इस्राएलाची सारी शास्त्रे बाजूला ठेवावीत. त्याने मान्य केलेल्या ग्रंथांत छाटलेले लूक आणि पौलाची दहा पत्रे एवढीच होती. इ.स. 144च्या सुमारास तो वेगळा झाला, आणि त्याने दिलेली मोठी देणगी मंडळीने त्याला परत केली. त्याच्या लूकमध्ये बाबांची आवडती ओळ नव्हती, असे दिसते. त्याला उत्तर देताना तर्तुलियन या प्राचीन ख्रिस्ती लेखकाने म्हटले की फळ बीजापासून वेगळे होते हे खरे, पण फळ येते ते बीजातूनच. नवे आणि जुने वेगळे करता येतात यावरूनच दोन्ही एकाच देवाची आहेत हे सिद्ध होते. कोणते ग्रंथ पवित्र मानायचे याची सीमा नीट आखण्याची निकड मंडळीला जाणवली, त्यात मार्कियनच्या या वादाचा मोठा हात होता.

मार्कियनला पाखंडी ठरवल्यावरही त्याच्या विचाराची एक छटा राहून गेली, आणि ती मला फार दुःखद वाटते. जुने बुधले म्हणजे यहूदी लोक, त्यांचा आता देवाला उपयोग नाही, असे शतकानुशतके प्रवचनांतून सांगितले गेले आणि त्या तिरस्काराची किंमत यहूदी लोकांनी मोजली. रोमन कॅथलिक महासभेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी प्रसिद्ध केलेल्या घोषणेत, यहूदी लोक देवाने टाकलेले किंवा शापलेले आहेत असे मांडू नये, असे अखेर स्पष्ट म्हटले. हे तुम्हाला सांगण्याचे कारण असे की या दाखल्यातला बुधला म्हणजे अमुक माणसे, असे एकदा ठरवले की त्याचा शेवट कोठे होतो हे इतिहासात दिसले आहे. बुधला म्हणजे रीत, क्रम, वेळापत्रक, नियमावली. तुमचे बाबा बुधला नाहीत.

उलट उदाहरणही आहे. नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेममधली सभा येते. ती साधारण इ.स. 49च्या सुमारास झाली असे मानतात. परराष्ट्रीयांतून विश्वासात आलेल्यांनी सुंता करून घ्यावी आणि मोशेचे नियमशास्त्र पाळावे की नाही, असा प्रश्न होता. त्यांच्या मानेवर ते जू ठेवू नये, असे पेत्राने सांगितले. याकोबाने मोजक्या बंधनांवर निर्णय सुचवला आणि सभेने तसे पत्र पाठवले. यहूदी विश्वासणाऱ्यांनी आपले रिवाज सोडावेत असे मात्र त्या पत्रात नाही. दोन वेगळे बुधले मान्य झाले आणि पंगत एकच ठेवण्याची धडपड सुरू झाली. ती सोपी गेली नाही, हे गलतीकरांस पत्रात पौलाने लिहून ठेवले आहे.

नवे बुधले किती लवकर जुने होतात हेही बघण्यासारखे आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या किंवा दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या सुमाराची डिडाखे नावाची एक लहान ख्रिस्ती नियमपुस्तिका आहे. तिच्यात सांगितले आहे की ढोंगी लोक सोमवारी आणि गुरुवारी उपास करतात, तेव्हा तुम्ही त्यांच्याबरोबर करू नका, बुधवारी आणि शुक्रवारी करा. ज्या दाखल्याचा जन्म उपासाच्या प्रश्नातून झाला, तो सांगितला गेल्यानंतर शंभर वर्षांच्या आसपास आठवड्यातून दोन उपास पुन्हा ठरले, फक्त वार बदलले! मी यात कोणाची चेष्टा करत नाही. वर काढून घेतला गेल्यावर ते उपास करतील, असे येशूनेच सांगितले होते. पण आज आपण मोकळे आहोत असे मानणाऱ्या तुमच्या मित्रांनी हे वाचावे, कारण त्यांचा मोकळा क्रमही काही वर्षांत क्रमच होणार आहे, आणि त्या वेळी त्यांच्यासमोर कोणीतरी तरुण हेच वचन घेऊन उभा राहील.

तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उदाहरण मला मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे इंग्लिश धर्मगुरू जॉन वेस्ली यांचे वाटते. 1739मध्ये त्यांनी ब्रिस्टलजवळ उघड्यावर उपदेश करायला सुरुवात केली, कारण खाणकामगार आणि गरीब माणसे चर्चच्या इमारतीत येत नव्हती. त्यांनी लहान लहान मंडळे बांधली, घराघरांतून चालणाऱ्या साप्ताहिक भेटी सुरू केल्या, सामान्य माणसांना उपदेशक केले. पण या सभा चर्चच्या उपासनेच्या वेळी घेऊ नयेत, आणि सभासदांनी आपापल्या चर्चमध्ये उपासनेला व प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीला, जात राहावे, असा त्यांचा आग्रह होता. 1791मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चर्च ऑफ इंग्लंडचे धर्मगुरूच राहिले. पुढे त्यांची मंडळे आणि चर्च ऑफ इंग्लंड वेगळी झाली, आणि 1784मध्ये अमेरिकेसाठी त्यांनी स्वतः केलेल्या दीक्षाविधींचा त्यात वाटा होता, हे खरे आहे. तरीही पन्नासहून अधिक वर्षे नव्या रसाला नवा बुधला मिळाला आणि जुना कोणी मुद्दाम फाडला नाही. वेस्लींनी हे दाखल्यावर बोट ठेवून केले असे मी म्हणत नाही. दाखल्यातले शहाणपण त्यांच्या वागण्यात दिसते, एवढेच म्हणतो.

धर्माबाहेरही हा दाखला पसरला आहे. आपल्या वृत्तपत्रांत एखाद्या फसव्या सुधारणेला नव्या बाटलीत जुनीच दारू म्हणतात तेव्हा याच दाखल्याचा माग असतो, फक्त भांडे आणि रस यांची अदलाबदल झालेली असते. संस्था, शाळा, कार्यालये यांच्यातल्या बदलांवर बोलणारेही हा दाखला वापरतात आणि बहुधा जुन्या लोकांना घालवण्यासाठी वापरतात. त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

आता तुम्ही काय करावे. लगेच जाऊ नये, आणि कायमचे राहीनच असे वचनही कोणाला देऊ नये. पहिले काम घरचे आहे. बाबांसमोर बसून लूकचा पाचवा अध्याय 27व्या वचनापासून, म्हणजे लेवीच्या बोलावण्यापासून, शेवटपर्यंत मोठ्याने वाचा. बाबांनाच वाचू द्यावे हे अधिक चांगले. वाचून झाल्यावर चर्चा करू नका. त्यांना एवढेच विचारा की उपासनेतली कोणती गोष्ट गेली तर तुम्हाला देवाचे घर परके वाटेल. माझा अंदाज आहे की उत्तरात गीतांची यादी येणार नाही, कोणाची तरी आठवण येईल, एखाद्या दफनविधीच्या वेळी म्हटलेली प्रार्थना येईल, किंवा आपण ज्या बाकावर बसत आलो तिथे उद्या कोण बसेल ही धास्ती येईल. ते ऐकून घ्या आणि त्यावर वचन लावू नका.

दुसरे काम तरुणांबरोबरचे आहे. त्यांना दोन कागद करायला सांगा. एकावर जे रस आहे ते लिहावे, दुसऱ्यावर जे बुधला आहे ते. तुमच्या पत्रावरून मला असे दिसते की मोकळा क्रम आणि नवी गीते हा बुधला आहे, आणि दूर ठेवलेल्या माणसांना पंगतीला बसवणे हा रस आहे. पत्रकात मात्र क्रम आणि गीते यांनी तीन परिच्छेद घेतले आहेत आणि माणसांचा उल्लेख एका ओळीत आटोपला आहे. लेवीच्या घरी गीते कोणती म्हटली गेली हे एकाही शुभवर्तमानात नोंदलेले नाही. पंक्तीला कोण बसले होते ते तिन्हींनी नोंदले आहे. दुसरा कागद पहिल्यापेक्षा लांब झाला, तर वेगळे होण्याची वेळ आलेली नाही असे त्यांना स्पष्ट सांगा. तुम्हाला ते ऐकतील, कारण त्यांच्या अस्वस्थतेत तुम्ही सुरुवातीपासून त्यांच्याबरोबर आहात.

तिसरे, पाळक आणि वडीलमंडळ यांच्यापुढे तरुणांच्या वतीने एक लेखी मागणी ठेवावी. जुन्या उपासनेत काही बदलू नये. वेगळ्या वारी, वेगळ्या वेळी नवी प्रार्थनासभा घेण्याची परवानगी द्यावी. तिचा क्रम तरुणांनी ठरवावा. आणि प्रभुभोजन मात्र सर्वांनी एकत्र घ्यावे. ठिगळ नको, दोन वस्त्रे चालतील, असा याचा अर्थ. वडीलमंडळात बाबा आहेत, म्हणून ही मागणी त्यांना सभेत अचानक समजू नये. आधी घरी दाखवा. त्यांनी विरोध केला तरी चालेल, पण लेकीने आपल्याला अंधारात ठेवले असे त्यांना वाटता कामा नये. नव्या सभेला एखादा ज्येष्ठ सभासद नियमितपणे येऊन मागच्या बाजूला बसावा, अशीही विनंती करा. त्याने पाहणी करायची नाही, सर्वांसारखी प्रार्थना करायची.

सोडून जाणे केव्हा योग्य, हेही तुम्हाला सांगायला हवे, नाहीतर माझे उत्तर अर्धे राहील. गीतांना नकार मिळाला तर थांबा आणि पुन्हा मागा. नव्या सभेलाच नकार मिळाला तर घरातून लहान प्रार्थनागट चालवा आणि रविवारी मंडळीत जात राहा. पण अमक्या माणसांना आमच्यात आणू नका, त्यांच्याबरोबर प्रभुभोजन घेणार नाही, असे जर मंडळीने विचारपूर्वक ठरवले, तर प्रश्न रीतीचा राहत नाही. तो थेट लेवीच्या पंगतीचा होतो, आणि त्या पंगतीला बसण्यासाठी तुम्हाला निघावे लागले तर निघा. निघताना बाबांना स्वतः सांगा, पत्रकातून कळवू नका, आणि तरुणांच्या निधीत मंडळीचे जे पैसे असतील त्यांचा हिशेब पै-पैसह परत करून निघा.

वडीलमंडळाची पुढची बैठक महिनाअखेरीस आहे असे तुम्ही लिहिले आहे. मागणीचा कागद त्याआधी निदान आठवडाभर बाबांच्या हातात असू द्या, आणि नवे पत्रक बैठकीचा निर्णय होईपर्यंत वाटू नये, एवढे आश्वासन तरुणांकडून आजच घ्या.

तुमचा हितचिंतक,
सल्ला सदर लेखक